काडतुसांचे दोन डबे

सिन्नरच्या आमच्या नेमबाजी मंडळाने मला दिवाळीच्या सुटीत वसईला पाठवले, ते एक रिव्हॉल्वर कोणते घ्यावे हे ठरवून येण्यासाठी. कलेक्टरसाहेबांनी मंडळाला आखूड हत्याराचा एकच परवाना मंजूर केला होता. परवान्यावर नळीचा नंबर एकदा लिहिला गेला की तो बदलून घ्यायला पुन्हा अर्ज, पुन्हा खेटे. म्हणून निवड आधी नीट व्हावी, असे मंडळाचे अध्यक्ष वकीलसाहेब म्हणाले. "तू पदवीधर आहेस. इंग्रजी पुस्तक वाचशील, समोरच्याला चार प्रश्न विचारशील." माझे वडील विड्या वळतात. घरात अंगठ्याऐवजी सही करणारा मी पहिला. वकीलसाहेबांनी शब्द टाकला नसता तर मी कॉलेजची पायरी चढलो नसतो, आणि आज शाळेत मुलांची कवायत घेत उभा नसतो. त्यांनी सांगितलेले काम मी जीव लावून करतो.

अहवाल मी मंडळाला दिला आहे. नंबर, वजन, पट्टा, पाकीट, सारे त्यात आहे. अहवालात जे मावले नाही ते इथे लिहितो.

वसईच का, ते आधी सांगायला हवे. आपल्याकडे नेमबाजी म्हणजे एका जागी उभे राहून, श्वास रोखून कागदावर गोळी मारणे. वसईजवळ माणिकपूरला इनास सुभेदार म्हणून एक ख्रिस्ती गृहस्थ राहतात. लष्कराच्या हत्यारखान्यात त्यांची हयात गेली. ब्रह्मदेशातून परत आल्यावर त्यांनी वेगळ्याच तऱ्हेचे सामने भरवायला सुरुवात केली. हत्यार कमरेच्या पाकिटात असते. शिट्टी झाली की चालत जायचे, हत्यार काढायचे, झाडायचे, पुन्हा भरायचे, पुन्हा झाडायचे. सारा वेळ घड्याळ चालू. असा सामना आमच्या गावी व्हावा अशी वकीलसाहेबांची इच्छा होती.

माणिकपूर

स्टेशनातून उतरून सुभेदारांच्या घरी मी चालतच गेलो. आमच्याकडे विहिरीला पाणी दिसावे म्हणून वाकावे लागते. इथे पाणी हाताशी, केळी दाट, त्यांच्या सावलीत पानवेली चढलेल्या. अंगणात चुन्याने रंगवलेला क्रूस आणि त्याला झेंडूची माळ. मी चपला काढून आत गेलो तर सुभेदार म्हणाले, "राहू द्या हो मास्तर, देऊळ नाही." पण मला चपला घालून कोणाच्या घरात जायची सवय नाही.

सुभेदार साठीचे, ताठ, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माझा चेहरा त्यांनी माझा आवाज येईल त्या बाजूला बघून पाहिला. त्यांच्या पत्नी कात्रीनमावशी. घरात ही माणसे आपसांत त्यांची बोली बोलत, ती मला चौथा हिस्सा कळत असे. माझ्याशी मात्र शाळेत शिकलेले मराठी. मी मांस खात नाही हे कळल्यावर मावशींनी तांदळाची भाकरी आणि वालाची उसळ केली, आणि नंतर तळलेले फुगे पुढे ठेवले. "पूर्वीसारखे नाहीत हे," त्या म्हणाल्या. "पिठाला ताडी लागते. दारूबंदी झाली, ताडी गेली. आता फुगे नावालाच फुगे."

इथली हवा लोखंड खाते. खिडकीचे गज बोटाने चोळले तर बोट तांबडे होते. मावशींजवळ एक बाटली होती, खोबरेलात रॉकेल मिसळलेली. दर शनिवारी दुपारी ती बाटली आणि एक चिंधी घेऊन त्या घरभर फिरत. बिजागऱ्या, कोयते, रहाटाची कडी, सायकलची साखळी, ट्रंकेचे कुलूप. मी पोचलो तो दिवस शनिवारच होता.

"जास्त वेळ एका जागी उभा राहिलो तर मलाही लावील," सुभेदार म्हणाले.

"तुम्हांला लावायला उशीर झाला," मावशी म्हणाल्या. "आतून गंजलात."

संध्याकाळी जुजे आला. सुभेदारांच्या बहिणीचा मुलगा, तिशीचा, काटक, सतत काहीतरी गमतीचे बोलणारा. तोही लढाईत होता. लढाई संपली तशी त्याला घरी पाठवले, आणि तेव्हापासून तो भावाच्या वाडीत केळीचे लोंगर वाहतो. बायको दोन मुलांना घेऊन माहेरी आगाशीला होती. का, ते त्याने सांगितले नाही. मावशींनी सांगितले. ठाण्याहून पोलिसांचे एक साहेब सोमवारचा सामना बघायला येणार होते. हत्यारी शिपायांना शिकवायला त्यांना एक उस्ताद हवा होता, आणि सुभेदारांच्या शब्दावर ते जुजेला एकदा पाहणार होते. पसंत पडला तर नोकरी. मग ठाण्याला खोली, मग बायको-मुले घरात.

"नाहीतर?" मी विचारले.

"नाहीतर केळी आहेतच," मावशी म्हणाल्या. "भावजय रोज ताट वाढते, आणि रोज ऐकवते."

रात्रीच्या जेवणाआधी सुभेदारांनी टेबलावर तीन हत्यारे मांडली आणि मला धरायला लावली. बावीस नंबरचे पिस्तूल हलके, काडतूस स्वस्त, धक्का जवळजवळ नाही. "कागदासाठी उत्तम," सुभेदार म्हणाले. "पण माणूस याने शिकतो ते खोटे शिकतो. पुढे मोठे हत्यार हातात आले की दचकतो." बत्तीस नंबरचे रिव्हॉल्वर हातात छान बसत होते. मला तेच आवडले. पण त्याची काडतुसे मिळायला पंचाईत, आणि त्याची घोड्याची कमान इतकी घट्ट की तिसऱ्या बारापर्यंत बोट थकते. अडतीस नंबरचे रिव्हॉल्वर लष्करातून निकालात निघालेले, जड, मुठीचे लाकूड झिजलेले. पंचेचाळीसच्या आसपासचे मोठे नंबर तुम्हा-आम्हांला मिळत नाहीत, म्हणून त्यांचे नाव काढण्यात अर्थ नाही, असे ते म्हणाले.

"आपोआप भरणारे पिस्तूल का नको?" मी पुस्तकात वाचलेले विचारले.

"जुनी काडतुसे आहेत तोवर नको. एक फुटले नाही की सगळे अडते. मग दोन्ही हातांनी ओढाओढ. रिव्हॉल्वरमध्ये एक ठप्प झाले तर बोट पुन्हा दाबा, पुढचे काडतूस समोर येते. थांबायचे नाही."

पाकिटाचेही तसेच. लष्करी पाकिटावर झाकण असते. सुभेदारांनी ते कापून टाकले होते आणि तोंडाशी चामडे बाहेर वळवून शिवून घेतले होते. पट्टा रुंद, दोन बोटांएवढा तरी, नाहीतर हत्यार काढताना पाकीट वर ओढले जाते. काडतुसे पट्ट्यावरच्या चामडी घरांत, दोन-दोनच्या जोडीने, म्हणजे चिमटीत दोन येतात. मी हत्यार काढून दाखवले तेव्हा जुजे हसत सुटला.

"मास्तर, फळ्यावर लिहिणार आहात का? खडू धरल्यासारखं धरलंय!"

त्याने माझी मूठ दोन्ही हातांनी आवळून वर सरकवली. त्याचे हात केळीच्या चिकाने काळे पडले होते. त्या एका सरकवण्याने माझा नेम सुधारला, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो.

मिठागर

दुसऱ्या दिवशी, रविवारी, ती मंडळी चर्चमधून (त्यांच्या शब्दांत देवळातून) परत आल्यावर सुभेदारांनी काडतुसांचे दोन डबे पुढे ठेवले.

"मास्तर, माझ्या डोळ्यांना आता पितळ आणि शिसे सारखेच दिसते. तुमची नजर चांगली, आणि तुम्ही वाचलेले. चांगली वेगळी काढा. ती उद्याच्या सामन्याला. उरलेली आज सरावाला उडवू."

एक डबा माळ्यावरचा. त्यातली काडतुसे काळवंडलेली, हात लावला तर बोटाला धूळ. दुसरा कपाटातला. त्यातली काडतुसे अशी झळकत होती की कालच कारखान्यातून आली असावीत. त्यांना रॉकेलचा मंद वास होता. तो वास त्या घरात सगळ्याच वस्तूंना होता. मी माझे पुस्तक उघडले. त्यात लिहिले होते की पितळ डागाळलेली काडतुसे वापरू नयेत. मी एकेक काडतूस उजेडात धरून पाहिले, तासभर तरी. माळ्यावरचा डबा सरावाला काढला, कपाटातला सामन्याला.

"नक्की?" जुजेने विचारले.

"नक्की," मी म्हणालो. आणि मला बरे वाटले, की या माणसांनी इतके खाऊ-पिऊ घातले, त्यांच्या एका कामाला मी आलो.

दुपारी बांधावरून मिठागराकडे गेलो. वापरात नसलेले एक आगर, पलीकडे मातीचा उंच बांध. त्या पांढऱ्या, निर्जीव सपाटीवर उभे राहिले की आपण कुठल्याच गावचे नाही असे वाटते. झाड नाही, सावली नाही. पाय ठेवला की मिठाची खपली मोडते. सुभेदारांनी बांधाशी चटया उभ्या केल्या, त्यांवर कागद. मी बारा झाडल्या, जुजेने बारा. माझ्या चार लागल्या, त्याच्या बाराही. काळवंडलेल्या त्या काडतुसांपैकी एकही ठप्प झाले नाही. हे मला तेव्हा दिसले होते. मी त्याचा अर्थ लावला नाही.

शेजारच्या आगरात फावडे मारणारा एक म्हातारा काम थांबवून बघत होता.

"एवढा आवाज कशाला रं, जुजे? मिठाचं पानी पन दचकलं!"

"उद्या साहेब येणार आहे, बाबा. त्याच्या कानांत पोचायला पायजे ना!"

"नोकरी लागली तर येशील का रं मग हिकडं?"

"येईन की. टोपी घालून येईन. तू सलाम कर मला."

म्हातारा हसला आणि फावडे कपाळाला लावून सलाम केला.

परत येताना जुजे एकदाच गंभीरपणे बोलला. आपल्याला वाचता येते, पण इंग्रजी येत नाही. उस्तादाला इंग्रजी लागते का? मी म्हणालो, हत्यार दाखवायला लागत नाही, अर्ज करायला लागते, तो मी लिहून देईन. तो म्हणाला, "मग झालं."

तुळिंज

सोमवारी बैलगाडीत फळ्या, चटया आणि डबा घालून आम्ही तुळिंजच्या टेकडीखाली गेलो. टेकडी पाठीशी असली की चुकलेली गोळी कुठे जाण्याची भीती नाही. साहेब आधीच आलेले. उंच, कमी बोलणारे, हातात थांबवता येणारे घड्याळ. विरारचे दोन बागाईतदार भाऊ आपापली हत्यारे आणि आपापली काडतुसे घेऊन आले होते. सुभेदारांचे अडतीस नंबरचे रिव्हॉल्वर जुजे चालवणार होता. त्याच्यानंतर, सगळ्यांच्या शेवटी, मी. हत्यार तेच, काडतुसे त्याच डब्यातली.

तीन फळ्या, प्रत्येकीवर दोन गोळ्या, मग पुन्हा भरून तेच सारे. विरारच्या दोघांचे झाले. धाकट्याने वेळ चांगली काढली. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिले. जुजेने ते लिहिताना पाहिले.

शिट्टी झाली. जुजे चालत निघाला, खांदा न हलवता हत्यार काढले. पहिल्या फळीवर दोन. दुसरीवर एक, मग नुसता टक असा आवाज, काडतूस फुटलेच नाही. त्याने न थांबता बोट दाबले, दुसऱ्या फळीचे दुसरे भरून काढले. तिसरीवर एक. सहा संपली. चालता चालता रिकामी पितळे सांडली, पट्ट्यातून दोन-दोनची जोडी काढत पुन्हा भरली. इतके सफाईने की साहेब घड्याळावरची नजर काढून त्याच्या हाताकडे बघू लागले. पहिल्या फळीवर दोन. मग एक हलका आवाज आला, लांब कोणी कागदी पिशवी फोडावी तसा. आणि लगेच दुसरा.

तो दुसरा आवाज मी वर्णन करणार नाही. नळी मुळाशी चिरली होती. जुजे उभाच होता. डावा हात चेहऱ्यावर नेला, तरी पडला नाही. हत्यार त्याने हातातून सोडले नव्हते. नळी जमिनीकडे होती. शिकवलेले असे अंगात असते.

"मामा," तो म्हणाला, "कोणाला लागलं का?"

उजव्या डोळ्यात नळीचा तुकडा गेला होता.

साहेबांच्या जीपने त्याला पापडीच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि तासाभरात मुंबईला हलवायला सांगितले. साहेब स्वतः गाडीत बसवून देईपर्यंत थांबले. जाताना त्यांनी सुभेदारांच्या खांद्यावर हात ठेवला. नोकरीबद्दल कोणी बोलले नाही. बोलायचे उरलेच नव्हते.

मी मागे राहून चटया-फळ्या गोळा केल्या. तेवढेच काम मला सुचले.

पुन्हा माणिकपूर

सुभेदार त्याच टेबलाशी बसले. डब्यात उरलेले एक काडतूस पकडीत धरून त्यांनी गोळी उपसली आणि दारू कागदावर झटकली. ती पडली नाही. दाभणाच्या टोकाने खरवडली तेव्हा ढेकूळ निघाले. त्यांनी ते नाकाशी नेले आणि माझ्यापुढे धरले. रॉकेल.

दुसरे फोडले. तसेच. तिसरे बरे होते. चौथे तसेच.

मावशी दारात उभ्या होत्या. "गंज चढेल म्हणून," त्या म्हणाल्या. "पावसाभर. दर शनिवारी. एकेक काढून पुसायची मी. तुमची वस्तू आहे म्हणून."

सुभेदारांची समजूत अशी की ती डबा पुसते. डब्याच्या आत हात घालत असेल हे त्यांच्या मनात आले नाही. ते त्यांच्या बोलीत एकच वाक्य बोलले. मला ते कळले नाही. मावशी दारातच खाली बसल्या.

"डबा मी निवडला," मी म्हणालो. "माळ्यावरची काडतुसे चांगली होती. मी ती काल उडवून टाकली."

"तुम्ही पाहुणे आहात, मास्तर," सुभेदार म्हणाले.

याहून त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर चालले असते. थोड्या वेळाने ते म्हणाले, "काडतुसात तेल गेले की बार फुसका होतो. गोळी नळीतच अडकते. मागून दुसरी आली की नळी फाटते. फुसका आवाज झाला की हात थांबवायचा, हे आम्ही रंगरुटाला पहिल्या दिवशी सांगतो. जुजेला वाऱ्यात ऐकू आले नसेल."

माझ्या पुस्तकात तेलाचेही लिहिलेले आहे. डागांची सूचना ज्या पानावर आहे, त्याच्या पाठच्या पानावर. ते मी त्या रात्री वाचले.

मुंबई

सिन्नरला परतण्याआधी मी मुंबईच्या इस्पितळात गेलो. सुभेदार म्हणाले होते, जाऊ नका. पण मला जुजेला सांगायचे होते, आणि मी दुसऱ्या कोणाला ते सांगू देणार नव्हतो. त्याची बायको आगाशीहून आली होती. मी आत जाताच ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेली. खाटेवर जुजे उताणा पडलेला, अर्धा चेहरा पट्टीत. डोळा काढावा लागला होता.

"कोण, मास्तर? बसा. खुर्ची नाही, खाटेवर बसा. जागा खूप आहे, मी अर्धाच दिसतो."

मला हसू आले नाही. मी म्हणालो, "जुजे, काडतुसे मी निवडली होती. तू नक्की का म्हणून विचारलंस, तर मी नक्की म्हणालो."

"ठाऊक आहे. मामाने सांगितलं."

"माझी चूक झाली."

"झाली," तो म्हणाला. नाही म्हणाला नाही, हे मला बरे वाटले.

"मामाला सांगू नका," तो हळूच म्हणाला. "मला कळला होता तो फुसका बार. कानाला नाही, हाताला कळतं. धक्काच बसत नाही."

"मग थांबला का नाहीस?"

"साहेब घड्याळ धरून उभे. विरारवाल्याची वेळ त्यांनी वहीत लिहिलेली मी बघितली. हत्यार उघडायचं, नळीत काडी घालायची, गोळी ठोकून काढायची. एवढ्यात सगळं गेलं असतं. म्हटलं, गेली असेल गोळी बाहेर. कधीकधी जाते."

बाहेर तांब्याचा आवाज झाला. त्याने तिकडे मान वळवली, थांबला, आणि आणखी खालच्या आवाजात विचारले, "कागद बघितले का तुम्ही? फळ्यांवरचे?"

फळ्या मीच उतरवल्या होत्या. कागद मी मोजले होते, का ते मला माहीत नाही. त्या अपघाताआधी सात गोळ्या बाहेर पडल्या होत्या.

"किती लागल्या?"

"सात," मी म्हणालो. "सातही मधल्या चौकटीत."

त्याचा उघडा डोळा ओला झाला, आणि पट्टीखालची जखम दुखली असावी, कारण त्याने हात वर नेला आणि मध्येच थांबवला.

"मग काम झालं असतं," तो म्हणाला.